नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याची म्हणून विकायला आलेली, दारावर वाजवायची सिंहमुखी पितळी कडी खरंच जुनी आहे का, हे कसं ओळखायचं?

चमक किंवा नक्षी पाहू नका, झीज कुठे आहे ते पाहा. वर्षानुवर्षं वाजवलेली कडी दोनच जागी झिजते: वर, सिंहाच्या जबड्यात फिरते तिथे आतून पातळ होते, खाली, आपटते तिथे चपटी होते, आणि तिच्याखालच्या पितळी गुंडीवर तसाच खळगा पडतो. कडी खाली सोडा. दोन्ही खुणा जुळायला हव्यात. कानशीने किंवा पॉलिशच्या चाकावर 'जुनी' केलेली कडी सगळीकडे सारखीच घासलेली दिसते, आणि बनावट माल बहुधा इथेच पकडला जातो.

मग हे करा:
- चुंबक लावा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. (आतली खीळ मात्र अस्सल कडीतही लोखंडी असू शकते.)
- आयाळीच्या खाचांतला काळेपणा थिनरच्या बोळ्याने पुसा. रंग लगेच सुटतो, पितळेवर मुरलेला डाग सुटत नाही.
- मागची बाजू पाहा. वाळूच्या साच्यातलं ओतकाम मागून खरबरीत असतं. पण नवी कडीही तशीच ओततात, म्हणून हा पुरावा कच्चा.

अधिक चिन्हाचा स्क्रू दिसला म्हणून लगेच खोटी ठरवू नका; दार दुरुस्त करताना मूळ खिळे अनेकदा बदलले जातात. आणि घेतलीत, तर चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवू नका: आम्लाने पितळेतलं जस्त निघतं, तांबूस चट्टे उरतात.