काचेचा दर फोटोवरून सांगू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातली परिस्थिती जवळजवळ माझीच आहे. हाउसकीपिंगच्या नोकरीतून बाहेर पडून तुम्ही खिडक्या आणि काचा साफ करण्याचे काम स्वतःच्या नावावर सुरू केले आहे, सामानाची जुळवाजुळव झाली आहे, आणि पाथर्डी फाट्याकडच्या एका नव्या इमारतीच्या सुपरवायझरने चार फोटो पाठवून ‘चौरस फुटाला किती घेणार ते आज संध्याकाळपर्यंत कळवा’ असे सांगितले आहे. नाशिकमध्ये दर काय चालतो आणि याशिवाय कामे कोठून मिळतात, असे तुम्ही विचारता. काच कशी पुसावी ते तुम्ही नोकरीत शिकलाच असाल, म्हणून ते सोडून देतो. मात्र आज संध्याकाळपर्यंत दर कळवू नका, एवढे सगळ्यांत आधी सांगतो आणि त्याचे कारण सविस्तर लिहितो.

माझ्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी असाच एक फोन आला होता. शहरातलीच एक चार मजली व्यापारी इमारत होती, तिची दर्शनी बाजू पूर्ण काचेची होती, आणि सुपरवायझरच्या सांगण्यानुसार ती काच ६,४०० चौरस फूट भरत होती. फोटोत काच चकचकीत दिसत होती, तेव्हा जागेवर न जाताच मी ७ रुपये दर सांगितला. ४४,८०० रुपये हा आकडा त्या वेळी मला इतका मोठा वाटला की पुढचे काही विचारायचे भानच राहिले नाही. दोन मदतनीस ६०० रुपये रोजाने घेतले आणि सहा दिवसांत काम उरकेल असा हिशेब केला.

प्रत्यक्षात पंधरा दिवस लागले. ६,४०० फूट म्हणजे काचेची एक बाजू की दोन्ही बाजू, हे मी विचारलेच नव्हते. माझ्या मनात बाहेरची बाजू होती आणि त्यांच्या मनात दोन्ही. बाहेरून सिमेंटचे शिंतोडे आणि सिलिकॉनचे पट्टे होते, आतून पीओपी आणि रंगाचे थेंब होते, आणि आम्ही एक मजला संपवून वर गेलो की खाली रंगारी पुन्हा रोलर फिरवत असत. फोनवर ‘समाधान होईपर्यंत करून द्यावे लागेल’ या वाक्याला मी हसत हो म्हटले होते. ते समाधान कोणाचे आणि किती वेळा, हे कोठेही लिहिलेले नव्हते.

खरा फटका शेवटच्या दिवशी बसला. इमारतीचे तोंड पश्चिमेला होते. संध्याकाळचे तिरपे ऊन काचेवर पडले आणि अकरा तावदानांवर बारीक चरे चमकू लागले, जे दुपारच्या उजेडात कोणालाच दिसले नव्हते. त्यांतले काही चरे डाग खरवडण्याच्या आमच्या ब्लेडचे होते, हे मी आजही मान्य करतो. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, काच भट्टीत रुळांवरून जाते, त्या वेळी रुळांवरचे काचेचे अतिसूक्ष्म कण कधीकधी तिच्या एका बाजूला चिकटून राहतात, आणि वरून ब्लेड फिरवले की तेच कण सुटून ब्लेडखाली ओढले जातात, हे मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका काचवाल्याने समजावून सांगितले. परंतु सगळे चरे आमचे नव्हते. तीन तावदानांवरचे चरे वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेल्या खड्ड्यांच्या शेजारी होते, आणि वेल्डिंग तर आम्ही नक्कीच केले नव्हते. हे मी सांगितले, पण सिद्ध करण्यासाठी माझ्याकडे काम सुरू होण्यापूर्वीचा एकही फोटो नव्हता. टफन काच कापता येत नाही, ती नवीनच मागवावी लागते, असे सांगून अकरा तावदानांचा खर्च माझ्या नावे धरला गेला आणि १०,००० रुपयांच्या आगाऊ रकमेनंतर एक रुपयाही मिळाला नाही. मदतनीसांचा रोजच १८,००० रुपये झाला होता.

यानंतर मी एका कार्यालयात गेलो, जेथे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांची दाद लागते असे ऐकले होते. कार्यालयाचे नाव घेत नाही. पहिल्या खेपेला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी, आणा असे सांगितले. ती करून आणली, तर दुसऱ्या खेपेला टेबलावरच्या गृहस्थांनी तारीख पाहून, नोंदणी कामानंतरची असल्याने उपयोग नाही, असे म्हणून कागद परत सरकवला. तिसऱ्या खेपेला वर्क ऑर्डर, म्हणजे काम दिल्याचा लेखी कागद, मागितली, जी कधी निघालीच नव्हती, आणि फोनवरचे निरोप पुरावा धरायचे की नाही हे ठरवणारे साहेब रजेवर होते. प्रत्येक खेपेला माझा अर्धा दिवस बुडत होता, आणि हे तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आले असते, याचा राग माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही. तरीही खरे सांगायचे तर कागदाची चूक माझीच होती.

म्हणून उद्यम नोंदणी पहिले मोठे काम घेण्याआधी करून ठेवा. सरकारी संकेतस्थळावर ती विनाशुल्क होते, आधार आणि पॅन लागतो. दीड-दोन हजार रुपये मागणारी तशीच दिसणारी संकेतस्थळे दलालांची असतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराच्या नियमांतही अशी तरतूद आली आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला या मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा करता येत नाही. माझा अनुभव असा की व्याजाच्या धमकीने जे होत नाही ते बिलावर उद्यम क्रमांक छापल्याने होते, कारण मार्च जवळ आला की काम देणाऱ्याचा लेखापालच त्याच्या मागे लागतो. मी वकील नाही आणि सनदी लेखापालही नाही; मोठी रक्कम अडकली तर जाणकाराला विचारून घ्या.

आता पाहणीविषयी लिहितो, कारण दर त्यातूनच निघतो. जागेवर जाऊन प्रत्येक मजल्यावरची दोन-तीन तावदाने ओली करून, पुसून, मोबाइलच्या विजेरीचा उजेड तिरपा टाकून पाहा. आधीचे चरे, ठिणग्यांचे खड्डे आणि तडे यांचे फोटो काढा, मजला आणि खिडकीचा क्रमांक घालून एका कागदावर लिहा आणि त्यावर सुपरवायझरची सही घ्या. सही करायला तो टाळाटाळ करू लागला, तर तेथेच नमस्कार करून परत या. माझ्या मते ही एक सही दरापेक्षा महत्त्वाची आहे. त्याच कागदावर काचेची एक बाजू की दोन्ही, ट्रॅक (खिडकी सरकते ती खाच) आणि जाळी धरून की सोडून, पाणी आणि वीज कोण देणार, रंगकाम संपल्याची तारीख, आणि आम्ही साफ करून ताब्यात दिलेली काच इतरांनी पुन्हा खराब केल्यास वेगळा आकार, एवढे लिहून ठेवा. एका तावदानावर नमुना काम करून दाखवा आणि ‘समाधान’ म्हणजे या तावदानासारखे काम, असे ठरवा. ब्लेड लावण्याची वेळ आली तर टफन काचेवरच्या चऱ्यांची जबाबदारी आमची नाही, हे वाक्य मी हल्ली काम सुरू करण्याआधी लिहून घेतो आणि तरीही काच ओली ठेवून, नवे ब्लेड एकाच दिशेने फिरवतो. काही साइटवर सिमेंट काढायला ॲसिड देऊ करतात. ते घेऊ नका, कारण काच धुरकट होते किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम काळवंडते, आणि आपल्या हाताचे आणि छातीचे जे होते ते वेगळेच.

चालू दर काय, या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम देत नाही, कारण चालू दर हा बहुतेक वेळा सगळ्यांत गरजू माणसाने सांगितलेला दर असतो. तुमचा तास किती रुपयांचा आहे ते आधी काढा. मी पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा घराला महिना २४,००० रुपये लागत होते, पेट्रोल २,५००, रबर, कापड आणि साबण १,५००, आणि दुचाकीची दुरुस्ती, मोबाइल, विमा आणि बुडीत धरून २,०००, म्हणजे एकूण ३०,०००. महिन्यात कामाचे दिवस वीसच धरा. सण, पाऊस आणि पाहण्या यांत बाकीचे जातात. रोजचे झाले १,५००, आणि जाणे-येणे वजा जाता दिवसात पाच तासच प्रत्यक्ष काचेवर हात असतो, म्हणून तासाला ३००. हे माझे त्या वेळचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील. त्यानंतर प्रत्येक कामाचे तास मोजायचे. सहा-सात स्लायडिंग खिडक्यांच्या दोन बीएचके घराला जाळ्या आणि ट्रॅक धरून मला एकट्याला तीन तास लागत, म्हणून ९०० रुपये. यातला अर्ध्याहून अधिक वेळ काचेत जात नाही, तो ट्रॅकमध्ये साचलेल्या मातीत आणि कबुतरांच्या घाणीत जातो, ही गोष्ट नवे लोक विसरतात. ग्राहकाला चौरस फुटात दर हवा असेल तर तासांचा हिशेब आधी मनात करून मग फुटांनी भागा. उलट कधीही करू नका.

दुकानांचे गणित निराळे आहे. कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर एकाच रांगेतली पाच दुकाने आठवड्यातून दोनदा मिळाली, तर प्रत्येकी पंधरा मिनिटांत दर्शनी काच आणि दार होते, आणि दुकानामागे महिना १,००० रुपये घेऊनही ते मला घरकामापेक्षा परवडते. एक दुकान इंदिरानगरला आणि दुसरे पंचवटीत असेल तर तोच दर तोट्याचा आहे. पहिले दुकान मिळाले की त्याच रांगेत शेजाऱ्यांना विचारा, आणि सकाळी दुकान उघडताना विचारा, कारण गिऱ्हाईक असताना मालक हो म्हणत नाही. महिन्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

घरांची कामे मला पत्रके वाटून फारशी मिळाली नाहीत. ती मिळाली स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्या ॲल्युमिनियम फॅब्रिकेटरकडून, कारण खिडकी बसल्यावर काच पुसून कोण देणार हा प्रश्न ग्राहक आधी त्यालाच विचारतो, आणि जुन्या खिडकीचे चाक किंवा जाळी खराब दिसली तर मी ते काम त्याला सांगतो. दुसरा मार्ग म्हणजे सोसायटीचे सचिव. एका इमारतीत एकाच दिवशी पाच घरे ठरली तर प्रत्येकाला थोडी सूट द्या, पण ती सूट वाचलेल्या पेट्रोलातून आली पाहिजे, तुमच्या तासातून नाही. दसरा-दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे कोणाचाही फोन येतो, तेव्हा दर कमी करू नका. त्यात मिळालेल्या ग्राहकांना होळीनंतर धुळीच्या दिवसांत पुन्हा फोन करा. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांची कामे चांगली असतात, मात्र तेथे मदतनीसांच्या ईएसआय-पीएफची (कामगार विमा आणि भविष्यनिर्वाह निधी) कागदपत्रे मागतात, म्हणून सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका. कंपनीने तुमच्या बिलातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर, कापला तर घाबरू नका, पॅन द्या आणि विवरणपत्र भरून परत मिळवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असताना जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका.

विषय थोडा बाजूला जातो, पण पाण्याचे सांगतोच. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी काचेला फारसा त्रास देत नाही. सोसायटीच्या टाकीतले बोअरचे पाणी मात्र वाळले की पांढरे ठिपके सोडते, आणि दोष पुसणाऱ्याला लागतो. शेवटचा हात देण्यासाठी मी घरून वीस लिटरचा कॅन नेतो. वर्षानुवर्षे बसलेले बोअरचे डाग एका पुसण्यात जात नाहीत, त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा दर सांगा.

उंचीच्या बाबतीत माझे मत काहींना भित्रेपणाचे वाटेल. दुसऱ्या मजल्याच्या वर मी बाहेरून काम घेत नाही. बऱ्याच स्लायडिंगची शटर उचलून आत घेता येतात, तेवढे करतो. नाही तर नाही म्हणतो. दोरीवर लटकून करायची कामे प्रशिक्षित टोळीची आहेत, त्यांना पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन स्वतंत्र दोर लागतात, आणि ‘फक्त दहा मिनिटांचे काम आहे’ म्हणणाऱ्या सुपरवायझरचा रोज त्या दहा मिनिटांनी बुडणार नसतो. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघात विमा तुमचा आणि मदतनीसाचा आजच काढा.

त्या पाथर्डी फाट्याच्या कामासाठी सुपरवायझरला आज एवढेच कळवा की पाहणी केल्याशिवाय दर देत नाही, उद्या येतो, आणि पाहणीनंतर एका दिवसात लेखी दर देतो. आगाऊ ३० टक्के, प्रत्येक मजला ताब्यात देताना त्या मजल्याचे पैसे, असे त्या लेखी दरातच असू द्या. शेवटी एकरकमी असे मान्य करू नका. उद्या जाताना स्प्रेची बाटली, दोन कापडे आणि सहीचा कागद घेऊन जा, आणि फेरी दोनदा मारा: पूर्वेकडच्या काचा सकाळी लवकर पाहा आणि पश्चिमेकडच्या संध्याकाळी पाचनंतर.