घर शहापुरात, मालक कोल्हापुरात. गळक्या छताचा खर्च कुणी करायचा?

प्रश्न : वकीलसाहेब, बेळगावात शहापूरला आम्ही चार वर्षे एका कौलारू घरात भाड्याने राहतो. भाडे ६,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० रुपये. स्वयंपाकघर दोन पावसाळे गळते आहे, आता मीटरबोर्डाची भिंतही ओली झाली. मालक कोल्हापुरात असतात. फोनवर 'करून देतो' म्हणतात; जोर लावला की 'परवडत नसेल तर घर सोडा'. कोल्हापूरचे माझे मामा म्हणतात, पंधरा दिवसांची नोटीस दे, दुरुस्ती करून घे आणि भाड्यातून काप. करार ११ महिन्यांचा, एकदाच झाला, तोही कानडीत. भाडे बंद करू का?

उत्तर : ताई, भाडे बंद करू नका. भाडे थकले की आजवर तुमची असलेली तक्रार उद्या मालकाची होते. दर महिन्याला बँकेतून किंवा यूपीआयने पैसे पाठवा, म्हणजे नोंद राहील. डिपॉझिटमधून वळते करून घ्या असेही परस्पर सांगू नका.

आणि त्याआधी, आजच, ओल्या भिंतीवरची बटणे वापरणे थांबवा आणि हेस्कॉम या वीज कंपनीला कळवा. दुरुस्तीचा वाद महिनोन्महिने चालेल. ओल्या भिंतीतला करंट तेवढी वाट बघणार नाही.

मामा सांगतात ते कोल्हापुरात खरे आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने घर राहण्याजोगे ठेवलेच पाहिजे असे म्हटले आहे आणि न ठेवल्यास नोटीस देऊन खर्च कापण्याची सोयही आहे. पण मालक कुठे राहतो यावर कायदा ठरत नाही, घर कुठे आहे यावर ठरतो. घर शहापुरात, म्हणून कायदा कर्नाटकाचा आणि कोर्ट बेळगावचे. कर्नाटकाचा भाडे कायदाही १९९९ चाच, पण त्यात भाड्याची मर्यादा आहे : मोठ्या शहरांत महिना ३,५०० आणि इतरत्र २,००० रुपये. ६,००० रुपयांच्या भाड्याला त्याचा आधार मिळेल असे धरून पाऊल टाकू नका.

मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे कलम १०८(फ) तुमच्या कामाचे आहे : मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापावा. सगळी मेख 'बंधनकारक' या शब्दात आहे. हे बंधन कायदा आपोआप घालत नाही, ते करारातून यावे लागते. म्हणून तो कानडी करार कानडी जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. मुदत संपल्यावरही मालक भाडे घेत राहिले, म्हणून वेगळे काही ठरले नसेल तर त्या अटी साधारणपणे पुढे चालू राहतात. 'मोठी दुरुस्ती मालकाची' असे कलम निघाले तर तुमची बाजू भक्कम. 'सर्व दुरुस्ती भाडेकरूची' असे निघाले तर कापाकापी करू नका, आधी वकील गाठा. करार गप्प असेल तर मालकांचे 'करून देतो' हे व्हॉट्सअॅपवरचे शब्द मोलाचे. फोनवरच बोलणे झाले असेल तर आता मेसेज करून लेखी उत्तर मिळवा.

गवंड्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात कौले किती फुटली, रीप आणि वासे कुठे कुजले, पन्हळ कुठून गळते आणि मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून हवे. फोटो काढा. मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, मराठीत चालेल. भर पावसात छप्पर उतरवता येत नाही, म्हणून ताडपत्री लगेच आणि बाकीचे काम पाऊस उघडल्यावर अमुक तारखेपर्यंत, अशी मागणी करा. कोर्टाला 'वाजवी मुदत' दिसावी ती अशी.

भिंत किंवा छप्पर कोसळण्याची भीती असेल तर महानगरपालिकेकडे अर्ज करा. धोकादायक बांधकामाबद्दल मालकाला नोटीस काढण्याचा अधिकार पालिकेला आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० मुळे गाऱ्हाणे मराठीतही मांडता येते. तो हक्क सोडू नका, पण काम लवकर व्हावे म्हणून कानडी प्रत जोडा.

'घर सोडा' या धमकीबद्दल स्पष्ट सांगतो. महिनेवारी भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, मालकांना कारणही द्यावे लागत नाही. तेव्हा दुसऱ्या घराची चौकशी करून ठेवा. मात्र नोटीस दिली म्हणून कुलूप लावता येत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. जबरदस्तीने बाहेर काढलेच तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना मूळ करार, चार वर्षांच्या भाड्याच्या नोंदी, गवंड्याचा कागद आणि डिपॉझिट दिल्याचा पुरावा सोबत न्या. डिपॉझिट रोख दिले असेल आणि करारात त्याचा उल्लेख नसेल, तर नोटिशीतच ती रक्कम आणि दिल्याची तारीख लिहून टाका.