लेखनिकासाठी नुसतं टक्केवारीचं सर्टिफिकेट चालत नाही – माझा अनुभव (मोठं झालंय, पण वाचाच)

ताई, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम ठेवून लिहायला बसले. भावाच्या उजव्या हातात जोर नाही, 50 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, आणि तरी कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखनिक (म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणारा माणूस) मागितला तर "यात लिहिता येत नाही असं कुठे लिहिलंय?" असं विचारतात. हेच वाक्य मी 2019 मध्ये ऐकलंय, सेकंड इयरला असताना. माझाही उजवा हात जन्मापासून लुळा आहे.

यूडीआयडी (केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र) कसं काढायचं ते सांगत नाही, ते तुमच्याकडे आहेच. आधीच सांगते, मी वकील नाही की डॉक्टर नाही, आणि नियमांत बदल होत असतात, त्यामुळे चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचून घ्या.

माझी चूक अशी की दहावी-बारावीला बोर्डाने सवलत दिली होती म्हणून मी धरून चालले की कॉलेजातही तेच सर्टिफिकेट चालेल. नाही चालत. ते सर्टिफिकेट तुम्हाला किती टक्के अपंगत्व आहे ते सांगतं, लिहिताना काय होतं ते सांगत नाही. तेव्हा केंद्राच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचना लागू होत्या (2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्यात, त्या बघून घ्या). त्यांप्रमाणे दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले यांनी मागितलं की लेखनिक द्यायचा. एक हातवाले आपण "बाकीच्यांत" यायचो. आपल्याला लिहिण्यात अडथळा येतो असं वेगळं प्रमाणपत्र लागायचं, सरकारी दवाखान्याच्या सिव्हिल सर्जन, सीएमओ (मुख्य वैद्यकीय अधिकारी) किंवा मेडिकल सुपरिंटेंडंटच्या सहीचं. त्याचा ठरलेला नमुना त्या सूचनांना परिशिष्ट म्हणून जोडलेलाच होता. मला हे माहीत नव्हतं आणि सांगायचं ज्यांचं काम होतं त्यांनी सांगितलं नाही.

मग काय झालं, परीक्षा विभाग म्हणाला दवाखान्यातून लिहून आणा, दवाखान्यात म्हणाले आम्ही टक्के लिहून दिलेत, परीक्षेचं आम्हाला काय विचारता, आणि मी चार वेळा या टेबलावरून त्या टेबलावर, दर वेळी कॉलेज बुडवून. आणि सगळं तोंडी! हीच ती चूक जिने माझं वर्ष खाल्लं. एकदाही लेखी अर्ज दिला नाही, पोच घेतली नाही, नकार लेखी मागितला नाही. पुढे कोणीतरी सुचवलं की पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार कर, तर जोडायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. मी तिथे गेले होते याचासुद्धा पुरावा नाही.

पेपर तसाच दिला, डाव्या हाताने. दोन हातवाल्यांना कळत नाही म्हणून सांगते, दाबून धरायला दुसरा हात नसला की उत्तरपत्रिका सरकते. अर्धी ओळ लिहायची, पेन ठेवायचं, पान सरळ करायचं, परत पेन उचलायचं. पुरवणीचा दोरा एका हाताने बांधता येत नाही, म्हणून सुपरवायझर येईपर्यंत नुसतं बसायचं. पाचातले साडेतीन प्रश्न झाले, येत सगळं होतं. दोन विषय राहिले, डिग्री वर्षभर लांबली आणि त्या वर्षी आलेल्या एका भरतीचा फॉर्म मला भरताच आला नाही. त्या टेबलावरच्या माणसाला दोन मिनिटं लागली असती हो नमुना दाखवायला. आजही आठवलं की चिडायला होतं.

पुढच्या सेमिस्टरला मी नमुना प्रिंट करून, माझी माहिती भरून, फक्त सही-शिक्क्याची जागा मोकळी ठेवून घेऊन गेले. एका दिवसात झालं! म्हणून दवाखान्यात "सर्टिफिकेट द्या" म्हणू नका, कागद पुढे करा. हाताचं असेल तर तपासणारा डॉक्टर अस्थिरोग किंवा फिजिकल मेडिसिनचा हवा, नाहीतर परत पाठवतात. आणि कॉलेजात अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

लेखनिक नको असेल तरी जादा वेळ मागा. 2018 च्या सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. माझ्या मते भावाने लेखनिक घ्यावाच, पण हे ज्याचं त्याने ठरवावं. घेतला तर त्याच्यासोबत दोन-तीन जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, पहिल्या वेळी मी इतकी भरभर बोलले की लेखनिक मुलीने निम्मं गाळलं.

वर एकांनी विचारलंय मुलाचे 30 टक्केच आहेत, त्याचं काय. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सुप्रीम कोर्टाचा 11 फेब्रुवारी 2021 चा निकाल बघा, लेखनिकासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे, आणि मग ऑगस्ट 2022 मध्ये 40 च्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचनाही आल्या.

आता तुमचे नातेवाईक म्हणतात ना, "कशाला शिकवता, एखादी टपरी टाकून द्या", त्यांचं अजिबात ऐकू नका. टपरी वाईट नाही, पण ती त्याने निवडलेली असावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातला 1 टक्का आपल्या म्हणजे हातापायाच्या अपंगत्वाच्या गटाला, आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणाला किमान 5 टक्के. नोकरीच्या जाहिरातीत पदासमोर "ओए" म्हणजे एक हात बाधित असं आहे का ते फी भरण्याआधी बघा. खाजगी कंपनीला ते 4 टक्के लागू नाहीत, पण समान संधी धोरण त्यांनाही करावं लागतं, ते मागून घ्या.

जाता जाता, कॉम्प्युटरवर शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज सुरू करायचं विचारतो, मग कंट्रोल-आल्ट-डिलीट एका हाताने एकेक करून दाबता येतं. मी ऑफिसात रोज वापरते. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, स्कॅन करून ठेवा.

भावाचा परीक्षा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे? आठवडाभरात असेल तर दवाखान्यासाठी थांबू नका, अर्ज उद्याच द्या, "प्रमाणपत्र नंतर सादर करेन" असं लिहून. मसुदा इथे टाका, मी बघून देते.