वाचकांचे प्रश्न : शाळेचा हॉल, संध्याकाळी सर्वांचा

प्रश्न : बास्केटबॉल कोर्ट बसेल असा 32 × 19 मीटरचा हॉल आराखड्यात धरला आहे. शाळा सुटल्यावर परिसरातले लोक बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल खेळतील. एवढी जागा पुरेल का?
— शाळेच्या बांधकाम समितीचे सदस्य

उत्तर : कोर्ट बसेल, पण बाकीच्या गोष्टींची अडचण होईल. बास्केटबॉलचं कोर्ट 28 × 15 मीटर, भोवती 2 मीटर मोकळी जागा, झाले 32 × 19. मग गुणफलकाचं टेबल आणि राखीव खेळाडूंचा बाक कुठे ठेवणार? बॅडमिंटनची चार कोर्टं शेजारी-शेजारी आखली तर रुंदी 4 × 6.1 म्हणजे 24.4 मीटर होते. उरलेले 7.6 मीटर पाच फटींत वाटले की दोन कोर्टांमध्ये जेमतेम दीड मीटर राहतं. दुहेरीच्या खेळात तेवढ्या अंतरात रॅकेटला रॅकेट लागते.

ब्रिटनच्या स्पोर्ट इंग्लंड या संस्थेच्या मार्गदर्शिकेत चार कोर्टांच्या हॉलसाठी 34.5 × 20 मीटर आणि 7.5 मीटर उंची सुचवली आहे. त्या मापात प्रत्येक फटीला 2 मीटर आणि कोर्टाच्या दोन्ही टोकांना 3.3 मीटर मिळतात. लांबी अडीच मीटर आणि रुंदी एक मीटर वाढवणं आज आराखड्यावर सोपं आहे, पाया भरल्यावर नाही.

व्हॉलीबॉलचं 18 × 9 मीटरचं मुख्य कोर्ट लांबीच्या दिशेने आखलं तर भोवतीचे 3 मीटर सहज सुटतात. सरावासाठी दोन कोर्टं आडवी आखण्याचा मोह होतो. तसं केलं की 20 मीटरच्या रुंदीत मागे एकच मीटर उरतो आणि सर्व्हिस करणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते. ते टाळाच.

उंची छतापर्यंत मोजू नका. सर्वांत खाली लोंबणारी वस्तू बघा : तुळई, डक्ट, दिवा, वर गुंडाळलेला पडदा. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलला त्या वस्तूखाली 7 मीटर मोकळे हवेत.

प्रश्न : फ्लोअरिंग लाकडी करावं की व्हिनाइलचं? वर्षातून काही वेळा खुर्च्या मांडून कार्यक्रम होतील.
— मुख्याध्यापिका

उत्तर : आधी हे ठरवा की जमिनीवर सगळ्यांत जड काय चढणार आहे. लोक खुर्च्यांची काळजी करतात. त्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या आणि खाली संरक्षक पट्टे अंथरले की तो प्रश्न मिटतो. खरं नुकसान दिवे बदलायला आणलेली चाकांची लिफ्ट करते. क्रीडा फ्लोअरिंगच्या ईएन 14904 या युरोपीय मानकात फिरत्या चाकाच्या भाराची चाचणी 1500 न्यूटनने, म्हणजे सुमारे 150 किलोंनी होते. लिफ्टचं वजन टनात असतं आणि ते चार लहान चाकांवर येतं. लाकडाखालच्या आधारपट्ट्या त्याखाली तडकतात, आणि तडा वरून दिसतही नाही. काही महिन्यांनी एका जागी चेंडू ‘मेलेला’ उसळू लागतो, तेव्हा कळतं. म्हणून फ्लोअरिंगच्या पुरवठादाराकडून चाकाच्या भाराची मर्यादा लेखी घ्या आणि लिफ्टच्या वाटेवर जाड प्लायवूड अंथरायचा नियम करा. त्याहून बरं म्हणजे दिवे खाली उतरवता येतील अशी सोय आधीच करा.

याच मानकात धक्का शोषण्याचं प्रमाण 25 ते 75 टक्के आणि चेंडूची उसळी काँक्रीटवरच्या उसळीच्या किमान 90 टक्के अशा अटी आहेत. सामायिक हॉलमध्ये एक मुद्दा हमखास सुटतो. लाकडी फ्लोअर मोठ्या क्षेत्रफळात दबतं, पण त्याला दाबायला वजन लागतं. आठ वर्षांच्या मुलाच्या उडीने ते पुरेसं दबत नाही. व्हिनाइलचं नुसतं मऊ फ्लोअर पायाखालच्या जागेपुरतंच दबतं. ते लहानग्यांना बरं, पण धिप्पाड खेळाडूचा पाय त्यात रुततो. सकाळी प्राथमिकचे वर्ग आणि रात्री प्रौढांचे सामने असतील, तर लवचीक सांगाड्यावर मऊ थर असलेलं मिश्र फ्लोअर घ्या. खर्च जास्त येतो, पण माझं मत त्याच्याच बाजूने आहे.

शुद्ध लाकूडच हवं असेल तर हवेतली आर्द्रता 35 ते 50 टक्क्यांच्या आसपास टिकवण्याची तयारी ठेवा. फळी रुंदीत फुगते. भिंतीलगत चार-पाच सेंटिमीटरची फट सोडून तिच्यावर हवा खेळेल अशी पट्टी बसवतात. एखादा रंगारी ती फट ‘नीट’ भरून टाकतो आणि पुढच्या दमट हंगामात फ्लोअर मधोमध उचललं जातं. खालचं काँक्रीट 28 दिवसांत मजबूत होतं, पण सुकत नाही. ओल यंत्राने मोजल्याशिवाय फळ्या घालू देऊ नका. आणि सफाई कर्मचाऱ्यांना बादली-पोछा नको, सुका मॉप द्या.

प्रश्न : पडदा टाकून हॉलचे दोन भाग केले, तरी एका बाजूच्या शिक्षकांना दुसऱ्या बाजूच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. जाड पडदा घेऊ का?
— क्रीडाशिक्षक

उत्तर : नको, पैसे वाया जातील. पडदा चेंडू अडवतो, आवाज नाही. तुमचा त्रास हॉलच्या घुमण्याचा आहे. 34.5 × 20 × 7.5 मीटरच्या हॉलचं घनफळ सुमारे 5,175 घनमीटर आणि आतले पृष्ठभाग सुमारे 2,200 चौरस मीटर. सगळं प्लास्टर, काच आणि पत्रा असेल तर आवाज विरायला सहा सेकंदांपर्यंत लागू शकतात. शिकवण्यासाठी दीड ते दोन सेकंद हवेत. त्यासाठी शोषक पृष्ठभाग अंदाजे 400 चौरस मीटर वाढवावा लागतो.

सगळं छतालाच लावलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज टपटपत राहतो. तेव्हा बराचसा भाग छताला आणि उरलेला लगतच्या दोन भिंतींवर लावा. खालच्या 3 मीटरांत चेंडू सोसणारं कठीण आवरण ठेवा आणि शोषक फलक त्याच्या वरच्या भागात बसवा. फलक चेंडूचा मार सोसणारे हवेत, नाहीतर वर्षभरात खाली भुसा पडू लागतो.

प्रश्न : कोर्टांच्या रेषांचं जाळं झालं आहे. त्यात आता पिकलबॉलच्या रेषाही मागितल्या जात आहेत.
— सामुदायिक क्रीडा समितीच्या सचिव

उत्तर : पिकलबॉलचं कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच, 13.4 × 6.1 मीटर असतं. बाहेरच्या रेषा पुन्हा मारायची गरज नाही. फक्त जाळीपासून 2.13 मीटरवरची रेषा आणि सर्व्हिसची मधली रेषा बघावी लागते. बॅडमिंटनची छोट्या सर्व्हिसची रेषा 1.98 मीटरवर असते. दोन्हींत 15 सेंटिमीटरचाच फरक, म्हणून ही रेषा रंगवण्यापेक्षा काढता येणारी टेप लावा. खेळून झाल्यावर टेप त्याच दिवशी काढायची. आठवडाभर राहिली तर डिंक फ्लोअरवरच बसतो.

प्रश्न : संध्याकाळी बाहेरचे लोक येणार म्हणून पालक धास्तावले आहेत. सुरक्षारक्षक वाढवावेत का?
— शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष

उत्तर : आधी नकाशा बघा. हॉलला रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र दार, त्याला लागून स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या आणि प्रथमोपचाराची जागा हवी. शाळेच्या आतल्या इमारतीकडे जाणारं एकच कुलूपबंद दार असावं. हे जमलं तर एक माणूस पुरतो. बाहेरच्या माणसाला स्वच्छतागृहासाठी वर्गांच्या व्हरांड्यातून जावं लागत असेल, तर चार रक्षकही अपुरे.

मात्र हॉलमधून सुटकेचा मार्ग शाळेच्या बंद भागातून जाता कामा नये. ही चूक वारंवार होते : दिवसा उघडं असलेलं दार नकाशात बाहेर पडायची वाट म्हणून मोजलेलं असतं आणि संध्याकाळी त्यालाच साखळी लागते. प्रत्येक सुटकेचं दार आतून दांडी दाबताच उघडलं पाहिजे, किल्लीशिवाय. कार्यक्रमाला किती माणसं घ्यायची हे फक्त जमिनीच्या क्षेत्रफळावर नाही, त्या दारांच्या रुंदीवरही ठरतं. सगळ्यांत रुंद दार बंद पडलं असं धरून हिशेब करा. धोक्याच्या भोंग्याचे विभाग वेगळे ठेवा. हॉलचा वीजमीटर आणि गरम पाण्याची जोडणीही स्वतंत्र हवी, नाहीतर बिलावरून भांडणं ठरलेली.

प्रश्न : साहित्याच्या खोलीला किती जागा सोडायची? वास्तुरचनाकार 30 चौरस मीटर म्हणतात.
— क्रीडाशिक्षिका

उत्तर : स्पोर्ट इंग्लंडचा संकेत हॉलच्या क्षेत्रफळाच्या 12.5 टक्क्यांचा आहे. 34.5 × 20 म्हणजे 690 चौरस मीटरच्या हॉलला ती जागा 86 चौरस मीटर होते. अतिशयोक्ती वाटली तर फक्त मॅट मोजून बघा. कबड्डीच्या 13 × 10 मीटरच्या मैदानाला एक मीटर चौरसाच्या 130 मॅट लागतात. जाडी 40 मिलिमीटर धरली तर एकावर एक 5.2 मीटर उंचीचा ढीग होतो, म्हणजे दीड मीटरहून खाली राहणारे चार ढीग आणि त्यांच्या गाड्या. त्यापुढे जाळ्यांचे खांब, खुर्च्या आणि शाळेचं स्वतःचं सामान.

खोली खोल नको, हॉलच्या लांब भिंतीला लागून लांबट हवी. खोल खोलीत मागच्या मॅट काढायला पुढचं सगळं बाहेर आणावं लागतं, मग कोणीच काही परत आत ठेवत नाही. दार अडीच मीटर रुंद असावं, त्यात मधला खांब नको आणि उंबरठाही नको. शाळेचा आणि बाहेरच्या मंडळांचा कप्पा जाळीने वेगळा करा, किल्ल्या वेगळ्या. फोमच्या मॅट पेट घेतल्या की दाट, विषारी धूर सोडतात, म्हणून त्यांची जागा आगरोधक भिंतींची असावी आणि तिथे विजेचं चार्जिंग अजिबात ठेवू नका.