कॅल्शियम घातलं तरी कास्टिंगला तडे का जातात?

प्रश्न : आमचं अॅल्युमिनियम डायकास्टिंगचं (वितळलेला धातू डाय म्हणजे साच्यात दाबाने भरायचं) छोटं युनिट आहे. एका गिऱ्हाइकासाठी पहिल्यांदाच मॅग्नेशियमच्या एझेड९१ या मिश्रधातूची ट्रायल घेतली. पार्ट इंजिनजवळ बसतो, गरम होतो, म्हणून त्यांनी १ टक्का कॅल्शियम घालायला सांगितलं. कॅल्शियमने ताकद वाढते असं सगळीकडे वाचलं, पण आमच्याकडे कोपऱ्यात तडे, आणि टेन्साइलला (ओढून बघायच्या चाचणीत) पीस आधीपेक्षा लवकर तुटतोय. चुकतंय कुठे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पोरांना बोल लावू नका, कारण १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असलं की एझेड९१ ला गरम असतानाच तडा जाणं आणि पार्ट डायला चिकटणं हा जुनाच त्रास आहे. आणि ताकद म्हणजे कुठली ताकद, थंड असताना ओढून बघायची की १५० डिग्रीला तासन् तास टिकायची, इथेच सगळी गफलत होते.

एझेड९१ मध्ये साधारण ९ टक्के अॅल्युमिनियम आणि १ टक्का झिंक. रस थिजताना आधी मॅग्नेशियमचे दाणे धरतात आणि शेवटचा रस दाण्यांच्या मधे थिजतो, तिथे मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं संयुग बसतं. ते १२० डिग्रीच्या वर मऊ पडायला लागतं, मग आवळलेल्या बोल्टखालचा धातू हळूहळू दबतो, बोल्ट ढिला होतो आणि ऑइल गळतं. हाच क्रीप. फोक्सवॅगन बीटल गाडीचा क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, मॅग्नेशियमचाच होता, आणि या उष्णतेपायी त्यांनाही अॅल्युमिनियम कमी करून सिलिकॉन घातलेल्या मिश्रधातूकडे वळावं लागलं.

कॅल्शियम थोडं असेल तर त्याच संयुगात मुरून त्याला टिकाऊ करतं, वाढवलं की अॅल्युमिनियमला स्वतःकडे ओढून नवीनच संयुग बनवतं, जे १००० डिग्रीच्या वर वितळतं, त्यामुळे १५० डिग्री त्याच्या गावीही नसते. शिवाय दाणे बारीक होतात, कारण मॅग्नेशियममध्ये कॅल्शियम ५१७ डिग्रीलाही जेमतेम १.३ टक्के विरघळतं, बाकीचं वाढत्या दाण्याच्या पुढे साचून त्याची वाढ अडवतं.

पण हे संयुग कडक तेवढंच ठिसूळ. तुटलेल्या पीसचा तुकडा पॉलिश आणि एच करून (सौम्य अॅसिड लावून) मायक्रोस्कोपखाली धरा, दाण्यांभोवती मासे धरायच्या जाळीसारखी रेघ दिसेल आणि तडा बहुतेक त्या रेघेवरूनच गेलेला असेल. एक्स्ट्रूजन केलं, म्हणजे गरम धातू दाबून भोकातून बाहेर काढला, तर ही जाळी फुटून बारीक कण होतात, आणि अॅल्युमिनियम-कॅल्शियम-मॅंगनीजवाल्या मॅग्नेशियममध्ये प्रयोगशाळेत ४०० मेगापास्कलच्या पुढे यील्ड (धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) मिळालेलं आहे. कास्टिंगमध्ये मात्र जाळी तशीच राहते.

तर डाय नीट तापवा, कोपऱ्यांचा रेडियस वाढवा, आणि स्पेक्ट्रो (कुठला धातू किती टक्के आहे याची तपासणी) भट्टीत टाकलेल्या चार्जचा नाही, तयार पार्टचा काढा. कॅल्शियमची घनता १.५५, मॅग्नेशियमची १.७४, म्हणजे सुटा तुकडा टाकला तर वर तरंगून जळून मळीत जातो, त्यापेक्षा मास्टर अलॉय, म्हणजे कॅल्शियम आधीच मिसळलेला मिश्रधातू, वापरा. आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, की नुसत्या थंड टेन्साइलवर पार्ट रिजेक्ट करू नका, १५० डिग्रीची क्रीप टेस्ट करून बघा.

प्रश्न : कॅल्शियम घातलं की मॅग्नेशियम पेटतच नाही, हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पेटायचं तापमान २०० ते ३०० डिग्रीने वर जातं, हे खरं. मॅग्नेशियमचा ऑक्साइड धातूपेक्षा कमी जागा व्यापतो, म्हणून धातूवरची त्याची साय फाटकी राहते आणि हवा आत शिरते. कॅल्शियम असलं की साय दाट धरते. पण बारीक भुगा आणि चिप्स तरीही पेटू शकतात, आणि पेटल्या तर पाणी अजिबात मारायचं नाही, हायड्रोजन सुटून भडका उडतो. कोरडी वाळू मशीनशेजारीच भरून ठेवायची, आणि पावसाळ्यात ती ओली झाली नाही ना, हे रोज हात घालून बघायचं.