नाशिकला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याकडून तुला नेमणुकीचा प्रस्ताव आला असून उत्तर देण्यासाठी पंधरवड्याची मुदत मिळाली आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. पगार, हुद्दा आणि पुढील बढती यांचा हिशेब तू नीट मांडला आहेस, त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मात्र ‘काका, नाशिक मला मानवेल का?’ हा शेवटचा प्रश्न सोडवण्यासाठी तू हवामान, घरभाडे, अंतरे असा तक्ता करून पुण्याला आणि नाशिकला जे गुण दिले आहेस, ती पद्धत मला पटलेली नाही. गुणांची बेरीज सबंध शहराची होते, आणि राहायचे असते एका गल्लीत, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून आणि थकून परत येऊन. तेव्हा तो तक्ता बाजूला ठेव आणि तुझा एक साधा कामाचा दिवस कागदावर उतरव: किती वाजता उठतेस, संध्याकाळी गाण्याच्या क्लासला कशी जातेस, भाजी कधी आणतेस, रात्री किती वाजता एकटी रिक्षाने येतेस. हा दिवस इथे कुठे बसतो आणि कुठे अडतो, एवढेच तपासायचे आहे.

तू नाशिक पाहिले आहेस ते पाहुणी म्हणून. त्र्यंबकेश्वरचे दर्शन, रामकुंड, रविवारी सकाळी मखमलाबादकडच्या मळ्यात बसून खाल्लेली मिसळ, गंगापूर धरणाच्या बाजूची द्राक्षबाग. यातले काहीही खोटे नाही, पण इथला रहिवासी त्या वाटेला बहुधा घरी पाहुणे आल्यावरच जातो. शिवाय तुझ्या दोन्ही भेटी डिसेंबर-जानेवारीतल्या होत्या. त्या दिवसांत निफाडचा पारा कितीवर उतरला हे रोज वर्तमानपत्रात छापून येते, सकाळी शेकोट्या पेटतात आणि नाशिक न आवडलेला माणूस सापडणे कठीण होते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हाची दुपार आणि जुलैतला सलग भिजलेला आठवडा यांचा अनुभव तुला नाही. सगळे ऋतू पाहून निर्णय घेण्याएवढा वेळ तुझ्याकडे नाही, हे मी जाणतो. निदान येशील ती सोमवार ते शुक्रवार ये, सुट्टी जोडून येऊ नकोस. हॉटेलऐवजी जिथे घर घेण्याचा विचार आहे त्याच भागात एखाद्या ओळखीच्या घरी किंवा पेइंग गेस्ट म्हणून उतर.

भाग कोणता, हा खरा प्रश्न आहे. पुण्याहून येणाऱ्यांना कॉलेज रोड आणि गंगापूर रोड पाहताक्षणी आवडतात, कारण महाविद्यालये, खाण्याची ठिकाणे, फिरायला येणारी तरुण मंडळी हे सगळे तिथे ओळखीचे वाटते. परंतु तुझा कारखाना अंबडला आहे. गंगापूर रोडवरून अंबडला जायचे म्हणजे सातपूरमार्गे किंवा मुंबई नाक्याकडून शहर ओलांडायचे, तेही पाळी सुरू होण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी. पाळी सुटते तेव्हा एकदा गरवारे पॉइंटजवळ अर्धा तास उभी राहा. कंपन्यांच्या बसगाड्या, वसाहतीतून वळण घेऊन बाहेर पडणारे लांबलचक ट्रेलर, त्यांच्या कडेकडेने निसटणाऱ्या दुचाक्या आणि वडापावच्या गाडीभोवती पाठीला डबा लावून थांबलेले कामगार, हे सगळे एकाच वेळी एका रस्त्यावर येते. रोज या गर्दीतून पुढे आणखी शहर ओलांडायचे की पाथर्डी फाटा, इंदिरानगर किंवा सिडको यांपैकी कुठेतरी जवळ राहायचे, याचे उत्तर तिथे उभे राहिल्यावर तुझे तुलाच सुचेल. माझे मत विचारशील तर पहिल्या वर्षी जवळच राहावे. सिडकोची घरे दाटीची आहेत आणि पाथर्डी फाट्याला अजून गावपण आणि शहरपण यांची सरमिसळ आहे, पण संध्याकाळचा जो तास वाचतो तो तुझ्या गाण्याला मिळतो. नाशिकरोडचा विचार रेल्वेसाठी अनेक जण करतात. मात्र तिथून मुख्य शहरात यायचे म्हणजे द्वारका चौकातून यावे लागते आणि त्या चौकातल्या कोंडीची कीर्ती तुला इथला कोणताही रिक्षावाला ऐकवील.

कारखान्याची बस असेल तर तिचा मार्ग आणि थांबे आधी मागवून घे आणि घर त्या थांब्यांवरून निवड. शहरात जुलै 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक बससेवा आहे. ती चांगली आहे, पण तुला उपयोगी पडणाऱ्या मार्गावर रात्री शेवटची बस कधी सुटते ते थांब्यावर जाऊनच विचार. रिक्षांचे म्हणशील तर ठरलेल्या मार्गांवर शेअर रिक्षा चालतात आणि एरवी भाडे आधी ठरवावे लागते. मीटरची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस याचा त्रास होतो. पुण्यासारखी रात्री उशिरापर्यंतची वर्दळही इथे मोजक्याच रस्त्यांवर असते. साडेदहानंतर तुझ्या गल्लीत किती दिवे आणि किती माणसे असतात, ते दुपारी घर पाहून कळत नाही. त्यासाठी त्याच वेळी एक फेरी मारावी लागते.

घर पाहताना दलालापेक्षा इमारतीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांच्याशी बोल. पाणी पालिकेचे येते की बोअरचे, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, त्याचा खर्च भाडेकरूकडून घेतात का, हे ते सहज सांगतात. एकट्या राहणाऱ्या मुलींना घर देताना काही सोसायट्या नाना अटी घालतात. ती अट पटण्यासारखी असो वा नसो, करारनाम्यावर सही करण्यापूर्वी ती तोंडी नव्हे, लेखी समोर आली पाहिजे. अकरा महिन्यांच्या करारात मुदतीपूर्वी घर सोडल्यास अनामत रकमेचे काय होते, ते कलम दोनदा वाच. घर गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडी यांच्या काठाजवळ असेल तर ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी कुठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज घेतात. तुझ्या घराचा जिना त्या हिशेबात कुठे बसतो, हे माहीत असलेले बरे. पंचवटीत घर मिळत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घे. 2015 नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा 2026-27 मध्ये आहे आणि पर्वणीच्या दिवसांत त्या बाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात. भाविकांना ते सोसते, पाळी गाठणाऱ्याला सोसत नाही.

आता ज्या गोष्टीचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, ती सांगतो. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे गृहीत धरू नकोस. विजेच्या नियोजनासाठी कारखान्यांना आठवड्यातला वेगळा वार सुट्टीसाठी ठरवून देण्याची पद्धत आपल्या राज्यात जुनी आहे. तुझी सुट्टी रविवारी नसेल तर आईवडिलांचा रविवार, मैत्रिणींचा रविवार आणि ट्रेकच्या गटाचा रविवार यांपैकी एकही तुझ्या वाट्याला येणार नाही. घरभाड्यातल्या दोन हजारांच्या फरकापेक्षा हा फरक मला फार मोठा वाटतो. पुणे इथून साधारण दोनशे दहा किलोमीटर आहे आणि दोन्ही शहरांना थेट जोडणारा लोहमार्ग अजून झालेला नाही. म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा रस्त्यानेच प्रवास, आणि घराच्या ओढीने निघालेल्या माणसाची खरी परीक्षा चाकणच्या वाहतूक कोंडीत होते. ‘दर आठवड्याला येत जाईन’ असे आईला सांगितले असशील तर ते आजच दुरुस्त कर.

तुझ्या आवडींबद्दल मला फारशी काळजी नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज इथून हाताशी आहेत आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाई घोटीमार्गे एका दिवसात होते. डोंगर चढणाऱ्याला पुण्यापेक्षा नाशिक उजवे, असे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. वाचनासाठी 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते आणि रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या दगडी हौदांत, उडी मारण्याचा प्रकार तुला पुण्यात मिळणार नाही. नाटकांच्या बाबतीत मात्र तुला कमतरता जाणवेल. कालिदास कलामंदिरात चांगले प्रयोग येतात, पण कोणत्याही संध्याकाळी उठून दोन-तीन प्रयोगांतून एक निवडावा, अशी चैन इथे नाही. गाण्याच्या गुरूंचा शोध तू इथे येण्यापूर्वीच सुरू कर, कारण शिकवण्याची रीत जुळणे घर मिळण्यापेक्षा अवघड असते आणि त्यासाठी दोन-तीन ठिकाणी समोर बसून ऐकावे लागते.

सुट्टीचा वार, पाळीची वेळ आणि बसचे थांबे या तीन गोष्टी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाकडून उद्याच लेखी मागव. उत्तर आले की मला कळव. त्यावरून पाथर्डी फाटा की इंदिरानगर हे ठरवून तुझ्या आठवडाभराच्या मुक्कामासाठी माझ्या माहितीतल्या एका घरी मी शब्द टाकून ठेवतो. येताना स्कूटर घेऊन ये. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

कळावे,
तुझा काका
नाशिक