वंश, वासा आणि नाकाची दांडी

‘सांगाड्याचा वंश’ म्हणावे की ‘सांगाड्याची जात’, असे शिरपूरच्या एका शिक्षकांनी विचारले आहे.

जात तर नाहीच नाही. हाडावर ती उमटत नसते. पण ‘सांगाड्यावरून वंश निश्चित’ हा बातम्यांतला थाटही मला खपत नाही.

कुळ, घराणे हा अर्थ सगळ्यांना ठाऊक, तो सोडू. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढते, तशी पिढीवर पिढी. छपराच्या आडव्या लाकडालाही वंश म्हणत आणि त्यातूनच आपला वासा आला. घर फिरले की फिरतात ते वासे मुळात वंशच! सातपुड्यात अजून छपराला बांबू घालतात. तिथे शब्द आणि वस्तू एकाच घरात नांदतात. काही जण वासा हा ‘वास’ म्हणजे राहणे यावरून काढू पाहतात. जुन्या लेखनातला ‘वांसा’ त्यांनी एकदा तरी पाहावा; तो अनुस्वार काय आकाशातून पडला?

खरी गंमत पुढे आहे. पाठीचा कणा तो पृष्ठवंश आणि नाकाची दांडी तो नासावंश. म्हणजे सांगाड्यात वंश आहेच, कण्यात आणि नाकात! आणि दुर्दैव असे की नाकावरूनच माणसांचे ‘वंश’ पाडले गेले. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये बंगालच्या जातीजमातींची मापे छापली आणि नाकाच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तरावर समाजाची उतरंड रचली. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी पुढे त्या आकड्यांतले दोष दाखवले. त्याआधीच इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या होत्या. गुरूला हवी तशी वंशश्रेष्ठता त्यांत सापडेना, आणि बाईंनी तसे स्पष्ट मांडले. नाकाची ठेवण हवामानाप्रमाणेही बदलते, हे तर वेगळेच.

आज हेच काम संगणक करतो. ‘फोरडिस्क’ या संगणकीय कार्यक्रमाला कवटीची मापे दिली की तो साठ्यातल्या, म्हणजे आधी मोजून ठेवलेल्या कवट्यांच्या, नमुना-गटांपैकी सर्वांत जवळचा गट सांगतो. ज्याचा समाज साठ्यातच नाही, त्यालाही कुठल्यातरी गटाच्या दावणीला बांधतो. किती कमी जुळते तेही तो छापतो, पण बातमीत फक्त गटाचे नाव येते. तो वापरतो त्या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ हॉवेल्स यांच्या जुन्या साठ्यात भारतातले म्हणावे तर अंदमानी. भिल्ल नाही, पावरा नाही, लेवा नाही. भुसावळला रुळांलगत एखादा सांगाडा मिळाला, तर चारी दिशांच्या गाड्या जिथे थांबतात तिथला तो माणूस कुठलाही असेल. चुकीचा शिक्का बसला की नेमकी त्याच्याच बेपत्ता नोंदीची फाईल बाजूला पडते आणि घरचे वाट पाहत राहतात. उंचीचे गणितही बिघडते, कारण हाडांच्या लांबीवरून उंची काढायची ट्रॉटर-ग्लेसर यांची १९५२ ची सूत्रे गोऱ्या-काळ्यांसाठी वेगवेगळी आहेत.

एवढे असूनही आपल्याकडे ‘मानववंशशास्त्र’ हे नाव चालूच आहे. ज्या कोशकारांना ते प्रिय आहे त्यांना माझा सरळ विरोध आहे. मानवशास्त्र म्हणा, मधला वंश तिथे घुसवलेला आहे. आणि शिरपूरच्या गुरुजी, मुलांना लिहायला सांगा: ‘कवटीचे अमुक नमुना-गटाशी साम्य आढळले.’ लांबलचक आहे, पण पंचनाम्यात तेवढेच खरे लिहिता येते.